घरात ‘अग्नी कमी’ आहे, म्हणून दक्षिणेची भिंत लाल रंगवावी का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात नवा टू बीएचके घेतलाय. स्वयंपाकघर वास्तूप्रमाणे आग्नेयेला आहे. फेंगशुईच्या सल्लागारांनी घर बघून सांगितलं की अग्नीची जागा दक्षिण, आणि ती तुमच्याकडे रिकामी आहे. शिवाय २०२४ पासून अग्नीचा कालखंड सुरू झालाय, त्यामुळे आता प्रत्येक घराला जास्त अग्नी लागतो. म्हणून हॉलची दक्षिण भिंत लाल रंगवा आणि तिच्यावर नऊ लाल दिवे लावा. ओट्यावर सिंक आणि शेगडी शेजारी शेजारी आहेत हा मोठा दोष, म्हणून ओटा फोडून नवा करा. घरचे वैतागून म्हणतायत की वास्तू की फेंगशुई, काय ते एकदा ठरव. आणि शेवटी तुम्ही हळूच विचारलंय की ईशान्येच्या देवघरातली समईसुद्धा दक्षिणेला हलवायची का.

थेट उत्तर आधी देते. भिंत रंगवू नका. ओटा फोडू नका. शेगडी दोन फूट सरकवा आणि घरातले दिवे बदला. आता हे का, ते सविस्तर सांगते.

मी इंटिरिअरचं काम करते. सुरुवातीची काही वर्षं सिंगापूरला होते. तिथे चिनी कुटुंबाचं घर करायला घेतलं की टेबलावर दोन नकाशे असायचे: एक आमचा, आणि एक त्यांच्या फेंगशुई मास्टरने लाल पेन्सिलीने खुणा केलेला. दोन्ही जुळवूनच काम पुढे जायचं. फेंगशुईने नशीब बदलतं याला शास्त्रीय पुरावा नाही आणि तसा दावा मी कुठल्याही गिऱ्हाइकापाशी करत नाही. पण ऊन, वारा, चूल, पाणी यांच्याबरोबर शेकडो वर्षं राहिलेल्या लोकांनी घराबद्दल विचार करायची एक पद्धत बसवली, तिला आतून एक शिस्त आहे, आणि ती शिस्त पाळली तर घर राहायला चांगलं होतं, हे मी कामात बघितलंय. म्हणूनच तिचा एखादा तुकडा उचलून कुणी लाल रंगाचा डबा विकतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

एक गल्लत आधी दूर करू. आपली पंचमहाभूतं म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. चिनी पाच तत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. तीन नावं जुळतात, तेवढ्यावर दोन्ही याद्या एकच धरून आपल्याकडे सर्रास सल्ले दिले जातात. पण आपल्याकडे तेज हा सृष्टीचा घटक आहे, तर तिकडे अग्नी ही एक अवस्था मानतात: वर चढणारी, पसरणारी, उजळणारी, जोर टिपेला पोचलेली. दिवसात ती मध्यान्ह, वर्षात उन्हाळा, शरीरात हृदय, चवीत कडू, रंगात लाल, आकारात टोकदार त्रिकोण, दिशांमध्ये दक्षिण. अवस्था म्हटली की ती कुठून तरी येते आणि कुठे तरी जाते. लाकूड जळून अग्नी होतो, अग्नीची राख होऊन माती, मातीच्या पोटात धातू, धातूवर पाणी साचतं, पाण्यावर झाड वाढतं. हे पोषणाचं चक्र. दुसरं चक्र आवर घालण्याचं: पाणी अग्नी विझवतं, अग्नी धातू वितळवतो, धातू लाकूड कापतो, झाडाची मुळं मातीत घुसतात, माती पाण्याला बांध घालते.

या दोन चक्रांवर फेंगशुईतला घराचा सगळा हिशोब चालतो. त्यात कुठलंच तत्त्व सुटं मोजत नाहीत. ‘अग्नी कमी, म्हणून लाल लावा’ म्हणजे चुलीत सरपण न घालता नुसत्या काड्या ओढत बसणं. अग्नीचं जे चिन्ह आहे, ‘ली’, ते बघा: वर एक अखंड रेघ, खाली एक अखंड रेघ, मधली तुटलेली. बाहेर तेज आणि आत पोकळी. ‘यी-चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या परंपरेत या चिन्हाचा स्वभाव ‘धरून राहणारा’ असा सांगितलाय. ज्योत अधांतरी उभी राहत नाही. तिला वात लागते, तेल लागतं. म्हणून जाणता मास्टर अग्नी वाढवायचा असेल तर आधी लाकूड बघतो: खोलीत खरं लाकूड आहे का, कुंडीतली झाडं जगतात का, उभ्या रेषा आहेत का, हिरवा रंग कुठे आहे का. आणि अग्नी कमी करायचा असेल तर शक्यतो पाणी आणत नाही, कारण पाणी आणि अग्नी समोरासमोर आले की संघर्षच होतो. तो माती आणतो. अग्नीचा जोर माती पोसण्यात खर्च झाला की तो आपसूक उतरतो. हे मातीचं सूत्र लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता दक्षिणेकडे वळू.

बीजिंग साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या ऐन थंडीत तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसव्वीस अंश वर येतो. दक्षिणेला खिडकी असेल तर ते तिरपं ऊन खोलीच्या पार आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. जूनमध्ये तोच सूर्य साडेत्र्याहत्तर अंशांवर चढतो, आणि छपराचा पुढे आलेला भाग त्याला बाहेरच थोपवतो. उत्तरेकडून हिवाळाभर सायबेरियाचं गार वारं. अशा मुलखात घराने उत्तरेला पाठ आणि दक्षिणेला तोंड केलं नाही तर माणसं गारठतील. म्हणून चौकाभोवती बांधलेल्या जुन्या बीजिंगच्या वाड्यांत मुख्य घर उत्तरेच्या बाजूला, दक्षिणेकडे तोंड करून असतं. सम्राट दरबारात दक्षिणेकडे तोंड करून बसायचा. फेंगशुईच्या आकृत्यांमध्ये दक्षिण वरच्या बाजूला काढतात. निषिद्ध नगरीच्या, म्हणजे बीजिंगमधल्या सम्राटाच्या राजवाड्याच्या, दक्षिण दरवाजाचं नाव ‘वू’ दरवाजा. ‘वू’ ही चिनी पंचांगातल्या बारा शाखांपैकी घोड्याची शाखा, तिची वेळ मध्यान्ह, तिची दिशा ऐन दक्षिण, तिचं तत्त्व अग्नी. दक्षिणेचा राखणदार लाल पक्षी. हे सगळं एकाच अनुभवातून आलंय: तिथे ऊब, उजेड आणि आयुष्य दक्षिणेकडून घरात येतं.

पुणे साडेअठरा अंशांवर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. आपल्याला ऊब आणायची नाही, उन्हाळ्यात ती घराबाहेर ठेवायची आहे. आणि आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा. दक्षिणमुखी फ्लॅट म्हटला की गिऱ्हाईक दोनदा विचार करतं. तिकडे तीच सर्वात मानाची. मग बीजिंगच्या हिवाळ्यातून निघालेला नियम पुण्याच्या एप्रिलला जसाच्या तसा लावायचा का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. तुमच्या घरात खरा अग्नी कुठे आहे ते बघायचं असेल तर मार्चपासून मेपर्यंत दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खिडकीपाशी हात धरून उभ्या राहा.

ज्यांना नियम नियमासारखेच पाळायचे आहेत त्यांच्यासाठी आता खुद्द चिनी पंचांगाची गोष्ट सांगते, कारण तुमच्या सल्लागारांचा सल्ला त्याच पंचांगात बसत नाही. फेंगशुईचं वर्ष ४ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं. २०२६ हे ‘बिंग-वू’ वर्ष. ‘बिंग’ही अग्नी आणि ‘वू’ही अग्नी. हे अग्नी-घोड्याचं वर्ष साठ वर्षांनी एकदा येतं. मागचं १९६६ला होतं. (जपानमध्ये या वर्षी जन्मलेल्या मुली अशुभ असतात हा गैरसमज इतका पक्का होता की १९६६ साली तिथली जन्मांची संख्या एकदम सुमारे एक चतुर्थांशाने खाली आली. तत्त्वांबद्दलच्या समजुती माणसांच्या आयुष्यात किती आत शिरतात त्याचं यापेक्षा गंभीर उदाहरण मला माहीत नाही.) या पद्धतीत दर वर्षी नऊ तारे नऊ घरांतून, म्हणजे आठ दिशा आणि मध्य यांतून, फिरतात. २०२६ला दक्षिणेच्या घरात ‘पाच पिवळा’ आलाय. हा सगळ्यांत त्रासदायक मानला जाणारा तारा, आणि तो मातीचा. अग्नी मातीला पोसतो. म्हणजे या वर्षी दक्षिणेला लाल भिंत आणि नऊ लाल दिवे लावले तर ज्याला शांत ठेवायचं त्यालाच खाऊ घातल्यासारखं झालं. त्यात वर्षाचा अधिपती ‘ताय-सुई’ही याच वर्षी घोड्याच्या, म्हणजे दक्षिणेच्या जागी बसलेला. त्या दिशेला वर्षभर ड्रिल मारू नये, तोडफोड करू नये, असा दंडक आहे. सिंगापूरला मी ज्या मास्टरांबरोबर काम केलं त्यांच्यापैकी कुणीही अशा वर्षी दक्षिणेच्या भिंतीला हात लावू दिला नसता.

सल्लागार म्हणतात तो अग्नीचा कालखंड, म्हणजे ‘नववा कालखंड’, ही कल्पना खोटी नाही, तिचा अर्थ मात्र ताणलेला आहे. १८० वर्षांचं एक चक्र, त्यात वीस वीस वर्षांचे नऊ कालखंड. नववा २०२४ ते २०४३, त्याचा तारा नऊ, तत्त्व अग्नी. याच्या आधीचा नववा कालखंड १८४४ ते १८६३ होता. घर कुठल्या कालखंडात उभं राहिलं आणि त्याचं तोंड नेमकं किती अंशांवर आहे यावरून एक कुंडली मांडतात, आणि त्या कुंडलीत नऊचा तारा कुठे पडतो ते बघतात. एखाद्या घरात तो बाथरूममध्ये पडेल, एखाद्यात दारात. सगळ्या घरांनी सगळीकडे लाल वाढवावं असं त्यातून निघतच नाही. काळ आधीच अग्नीचा, वर्षही अग्नीचं. वर आणखी कशाला? आणि एक साधी पारख सांगते. दक्षिणेचा ४५ अंशांचा पट्टा, १५७.५ ते २०२.५ अंश, हा ‘बिंग’, ‘वू’ आणि ‘दिंग’ अशा पंधरा-पंधरा अंशांच्या तीन भागांत मोडतो, आणि भागाप्रमाणे निकाल वेगळा लागू शकतो. तुमच्या सल्लागारांनी अंश लिहून दिले का? लुओपान नावाचा तो चिनी होकायंत्राचा पाट त्यांच्याकडे होता का? की मोबाइलचा होकायंत्र ॲप भिंतीला टेकवून ‘हे दक्षिण’ म्हणाले? आरसीसी कॉलममधल्या सळया आणि फ्रीजजवळ मोबाइलची दिशा सहज पंधरा-वीस अंश चुकते.

वास्तू की फेंगशुई या भांडणाबद्दल. स्वयंपाकघर आग्नेयेला असेल तर भांडणाला जागाच नाही. फेंगशुईत आग्नेय म्हणजे ‘शून’, तत्त्व लाकूड. पूर्व म्हणजे ‘झन’, तेही लाकूड. लाकडाच्या घरात चूल असणं म्हणजे सरपणाशेजारी चूल असणं. चिनी घरातल्या चुलीच्या देवाची एक जुनी पदवीच अशी आहे की तो पूर्वेच्या स्वयंपाकघरातून घराच्या नशिबावर नजर ठेवणारा. हा देव मला फार आवडतो. चुलीवर त्याचं कागदी चित्र लावलेलं असतं. वर्षभर तो घरातलं बोलणं ऐकतो, आणि बाराव्या चांद्र महिन्याच्या २३ किंवा २४ तारखेला स्वर्गात जाऊन अहवाल देतो. म्हणून निघण्याआधी त्याच्या ओठांना मध किंवा चिकट साखर लावायची, म्हणजे वर जाऊन गोड तरी बोलेल किंवा तोंडच उघडता येणार नाही. मग ते चित्र जाळतात, धुराबरोबर तो वर जातो, आणि नव्या वर्षाला नवं चित्र लागतं. घराचा हिशोब चुलीपाशी ठेवायचा ही कल्पना आपल्या आज्यांनाही पटली असती.

दोन शास्त्रांचा खरा तंटा आहे वायव्येला, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आग्नेय जमत नसेल तर वायव्येला स्वयंपाकघर चालेल, असं वास्तू सांगणारे बहुतेक जण म्हणतात. फेंगशुईत वायव्य म्हणजे ‘च्येन’: आकाश, धातू, घरातला कर्ता पुरुष. तिथे चूल म्हणजे अग्नी धातू वितळवणार. याला ‘स्वर्गाच्या दाराला आग’ असं भीतीदायक नाव आहे आणि चिनी घरांत ही जागा कटाक्षाने टाळतात. कुणाचं स्वयंपाकघर वायव्येला असेल तर दोन्ही शास्त्रं एकदम पाळायचा हट्ट सोडून एकाला धरावं, एवढंच मी सांगेन. तुमचं तसं नाही.

आता ओटा. दार, कर्त्याची खोली आणि चूल, या तीन गोष्टी बघितल्या की घराचा निम्मा निकाल लागतो, असं घराच्या फेंगशुईत पूर्वीपासून मानतात. त्यामुळे सल्लागारांनी शेगडीकडे लक्ष दिलं ते योग्यच. सिंक आणि शेगडी चिकटून नसावीत हा नियमही अस्सल आहे, आणि मला तो शंभर टक्के पटतो. ओट्यापाशी उभ्या राहून बघा: कढईत तेल तापलंय, शेजारी सिंकमध्ये कुणी तरी नळ जोरात सोडला, चार थेंब कढईत उडाले. पाणी आणि अग्नीचा संघर्ष म्हणतात तो हाच, मनगटावर फोड येतो. मिठाची बरणी ओलसर होते, बर्नर गंजतो, भांडी घासणाऱ्या मावशींचा कोपर गरम झाकणाला लागतो.

तुम्ही मोजून लिहिलंय की सिंकच्या काठापासून शेगडीपर्यंत नऊ इंच आहेत आणि शेगडीच्या पलीकडे साडेतीन फूट ओटा मोकळा आहे. मग फोडायचं कशाला? सिंक हलवायचं म्हटलं की ड्रेनेजची लाइन, उतार, टाइल्स, खालच्या मजल्यावर गळती, हे सगळं मागे लागतं. शेगडी मात्र ओट्यावर नुसती ठेवलेली आहे. ती दोन फूट पुढे सरकवा. चिमणी अजून बसवलेली नाही म्हणताय, म्हणजे वेळही बरोबर आहे. आता शेगडीची नवी जागा ठरवून तिच्या मधोमध वर चिमणी घ्या. सरकवताना शेगडी खिडकीसमोर येऊ देऊ नका. चुलीच्या पाठीशी भक्कम भिंत हवी, खिडकी नको, असा फेंगशुईचा नियम आहे, आणि ज्योत वाऱ्याने फडफडली की गॅस वाया जातो, कधी विझतो, पडदा असेल तर पेटतो, हे सांगायला शास्त्र लागत नाही. सिलिंडर वापरत असाल तर नळी दीड मीटरपेक्षा लांब घेऊ नका, आयएसआयची सुरक्षा नळीच घ्या, पाच वर्षांनी बदला, आणि शेगडी सिलिंडरच्या वरच्या पातळीवरच असू द्या. पाइप गॅस असेल तर जोड स्वतः हलवू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा.

मध्ये जो पावणेतीन फुटांचा ओटा मोकळा होईल तिथे सल्लागार हिरवी पट्टी किंवा बांबूचं रोप ठेवायला सांगतील, कारण पाणी लाकडाला पोसतं, लाकूड अग्नीला, आणि भांडण मिटतं. सूत्र बरोबर आहे. पण त्या जागी तुम्ही भाजी चिरणार. लाकडी पाट आणि विळी किंवा सुरी तिथेच ठेवा. धुतलेली भाजी सिंकमधून पाटावर, पाटावरून कढईत. पाणी, लाकूड, अग्नी: हाताचा क्रमही तोच आणि तत्त्वांचाही.

चुलीचं ‘तोंड’ शुभ दिशेला हवं, हा आणखी एक नियम तुम्हाला कुणी तरी सांगेल. जुन्या चुलीत जिथून लाकूड सारायचं ते तोंड. गॅसच्या शेगडीचं तोंड कोणतं, बटणांची बाजू की नळी जोडतो ती, यावर मास्टरांमध्येच एकमत नाही. यात वेळ घालवू नका.

अग्नीबद्दल चिनी घरांना किती आदर आणि किती धास्ती होती, तेही सांगायला हवं, कारण ‘अग्नी वाढवा’चा एकसुरी प्रचार त्याच्या अगदी उलट जातो. त्यांची घरं लाकडी. निषिद्ध नगरी १४२०ला पुरी झाली, आणि १४२१ला वीज पडून तिचे तिन्ही मोठे महाल जळाले. तिथल्या भिंती आणि खांब लाल, छपरं पिवळी: अग्नी मातीला पोसतोय, आणि माती म्हणजे मध्य, सम्राटाची जागा. पण तिथेच ग्रंथांसाठी १७७६ला बांधलेल्या वनयुआन वाचनालयाचं छप्पर पिवळं नाही. ते काळ्या कौलांचं आहे, कारण काळा रंग पाण्याचा आणि कागदाला भीती आगीची. ते वाचनालय निंगबो शहरातल्या त्यानयी ग्रंथालयाच्या नमुन्यावर बांधलंय, जे फान छिन या अधिकाऱ्याने १५६१ ते १५६६ या काळात उभारलं. ‘आकाशाचा एक पाणी निर्माण करतो, पृथ्वीचे सहा ते पूर्ण करतात’ या जुन्या वचनावरून त्याचं नाव, आणि इमारतही तशीच: वरचा मजला एकच सलग दालन, खालच्या मजल्यावर सहा खण. समोर तळं. नावात पाणी, आकड्यात पाणी, आणि आग लागलीच तर बादलीने उपसायला खरंखुरं पाणी. फेंगशुई असं वापरतात. प्रतीक आणि सोय एकाच ठिकाणी उभी असतात. चीनच्या आनह्वे प्रांतातल्या दाट वस्तीतल्या घरांच्या छपरावर चढणाऱ्या उंच पायऱ्यापायऱ्यांच्या भिंतीही याच धास्तीतून आल्या. शेजाऱ्याच्या छपराची आग आपल्याकडे येऊ नये म्हणून.

आणि ऊब कशी वापरायची हेही त्यांच्याकडून शिकावं. उत्तर चीनच्या खेड्यांत स्वयंपाकाच्या चुलीचा धूर लगेच बाहेर सोडत नाहीत. तो ‘खांग’ नावाच्या विटांच्या रुंद ओट्याखालून फिरवून मग धुराड्यातून सोडतात. संध्याकाळचा स्वयंपाक होईपर्यंत तो ओटा तापतो, रात्री घरातले सगळे त्यावर झोपतात. अग्नीतून माती, हे सूत्र तिथे अंथरुणाखाली आहे.

तुमच्या हॉलकडे येते. तुम्ही लिहिलंय की हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे, आणि दिवे म्हणजे छतावर दोन पांढऱ्या पट्ट्या. म्हणजे या खोलीला दुपारी अग्नी नको तितका आहे आणि संध्याकाळी अजिबात नाही. लाल भिंतीने दोन्ही बिघडेल. चारच्या उन्हात लाल भिंतीवरून परतणारा प्रकाश छताला आणि माणसांच्या चेहऱ्याला लाली देतो, खोली आहे त्याहून लहान आणि गरम वाटते. आणि रात्री पांढऱ्या पट्टीच्या उजेडात तोच लाल मळकट, तपकिरी दिसतो. शिवाय लाल रंगाला दोन हातांत कधीच भागत नाही, आणि पश्चिमेच्या उन्हात तो आधी विटतो. रंगाऱ्याला विचारा.

दुपारसाठी मातीचं सूत्र वापरा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा करता आला तर सर्वात चांगलं: बाल्कनीत बांबूची चीक, म्हणजे काड्यांचा पडदा, किंवा वेल. आत जाड सुती पडदे, वाळूच्या किंवा भाजक्या मातीच्या रंगाचे, निळे नकोत. जमिनीवर कोटा किंवा मातकट टाइल, एखादा मोठा मातीचा माठ किंवा कुंडी. अशाच एका पश्चिमेच्या हॉलमध्ये आम्ही केशरी भिंत काढून चुन्याच्या, किंचित पिवळसर रंगाची केली आणि बाहेर चीक लावली. त्या घरच्या आजोबांची दुपारची खुर्ची बेडरूममधून परत हॉलमध्ये आली.

संध्याकाळसाठी खरा अग्नी आणा, म्हणजे उजेड. तुमच्या पट्ट्यांच्या खोक्यावर ‘कूल डेलाइट’ आणि ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) असं छापलेलं असेल. तो दुपारच्या ढगाळ आभाळाचा पांढरा उजेड. रात्री आठला त्यात बसलेलं घर दवाखान्यासारखं दिसतं. बसायच्या जागी २७०० ते ३००० के असे पिवळसर दिवे घ्या, आणि ते छतावर नकोत. कोपऱ्यात उभा दिवा, टेबलावर एक, पुस्तकांच्या कपाटाजवळ एक. तीन ठिकाणचे खालचे दिवे लागले की खोलीतली माणसं आपोआप जवळ सरकून बसतात. ओट्यावर मात्र ४००० केच्या आसपासचा स्वच्छ उजेड ठेवा, नाही तर हळद किती पडली ते कळत नाही. टीव्ही, राउटर, मायक्रोवेव्ह हेही अग्नीच, असं आजकाल सांगतात. हा विस्तार अलीकडचा आहे, पण वाईट नाही: झोपायच्या खोलीतून ते कमी करा, एवढं त्यातून घ्यावं.

लाल रंगाची आवड असेल तर जरूर आणा, हलवता येईल अशा वस्तूंत. दोन उशांचे अभ्रे, एखादी दरी, दिव्याची शेड. सागवानी टेबलाशेजारी लाल ठेवला तर तो उठून दिसतो, कारण लाकडाचा आधार मिळतो. त्रिकोणी नक्षी, टोकदार शोपीस हाही अग्नीचाच आकार, आणि तो मी घरात फार वापरत नाही. हाँगकाँगचा बँक ऑफ चायना टॉवर, आय. एम. पेईंचा, १९९०ला सुरू झाला, तेव्हा त्याच्या त्रिकोणांची आणि धारदार कडांची भोवतालच्या लोकांनी इतकी धास्ती घेतली की ती आजही सांगितली जाते. सत्तर मजल्यांना जे शोभतं ते दहा बाय बाराच्या खोलीत कोपराला लागतं.

आणि गृहप्रवेश. सिंगापूरला चिनी कुटुंबं नव्या घरात आधी सगळे दिवे लावतात आणि नव्या शेगडीवर पाणी उकळतात. आपण दूध उतू घालवतो. पहिल्या दिवशी चूल पेटवायची हे दोन्हीकडे सारखंच आहे. तुमच्या सासूबाई जे म्हणतायत ते खुशाल करा, फक्त त्याआधी शेगडी नव्या जागी बसवून घ्या.

राहिली समई. ती ईशान्येच्या देवघरातच राहू द्या. फेंगशुईत ईशान्य म्हणजे ‘गन’, पर्वताची जागा, तत्त्व माती. तिथली ज्योत मातीला पोसते, त्यामुळे चिनी हिशोबातही ती चुकीची नाही. सिंगापूर-हाँगकाँगच्या घरांत देव्हाऱ्याला लाल विजेचे दिवे चोवीस तास चालू असतात. तुम्हाला तसे लावायची गरज नाही. समईच्या वर किती इंचांवर लाकडी फळी आहे ते मात्र आज मोजा. फूटभरापेक्षा कमी असेल तर फळीला खालून पितळी पत्रा ठोकून घ्या, किंवा समई पुढे ओढा.